शनिवारची बैठक वसूल कशी करायची? (परमिट रूम, कोल्हापूर)

शनवारचा_गडी (धागाकर्ता) | सोमवार, सकाळी 11:20

मंडळी, पुण्याहून दोन दोस्त येणार आहेत, इथले आम्ही तिघं. शनिवारी रात्री बसायचं ठरलंय. पाचात एक न घेणारा आहे. जागा स्टेशन रोड ते ताराबाई पार्क या पट्ट्यातली एखादी परमिट रूम. फार झगमगाट नको, पण टेबलाला हात चिकटेल अशीही नको. बजेट माणशी बाराशे, सगळं धरून.

वसूल म्हणजे काय तर गप्पा रंगाव्यात, खाणं गरम यावं, बिलावरून तोंडं वाकडी होऊ नयेत आणि रविवारी सकाळी डोकं जाग्यावर असावं. किती वाजता जावं, आधी काय मागवावं, पेग बरा की क्वार्टर, बिलात काय बघावं, हे जाणकारांनी सांगा. बारचं नाव लिहू नका, पद्धत लिहा. नावं आली की धाग्याची कुस्ती होते.

फुल्ल_चार्ज | 11:34

पुण्याचे दोघं आणि बिलावरून तोंड वाकडं नको? एक कायतरी निवड भावा.

कॅप्टन_सात_नंबर | 12:10

साडेसातला टेबलावर बसा. शनिवारी साडेआठ ते दहा किचनला श्वास घ्यायला सवड नसते. त्या वेळात दिलेली ऑर्डर चाळीस मिनिटांनी येते आणि तोवर लोक शेंगदाण्यावर दोन पेग संपवून बसलेले असतात. रात्र बिघडते ती इथंच. उपाशी पोटी पहिला तास गेला की पुढं कितीही खा, उपयोग होत नाही.

बसल्या बसल्या पहिल्या दहा मिनिटांत खाण्याची ऑर्डर द्या, दारूची नंतर. दोनच पदार्थ सांगा: एक तंदूरचा, एक कढईचा. तंदूरवर माणूस वेगळा, गॅसवर वेगळा, त्यामुळं दोन्ही साधारण एकाच वेळी बाहेर पडतात. पाचही जणांनी तंदूरचंच सांगितलं तर सगळ्या सळया एकाच भट्टीत जायच्या. पहिली प्लेट गार होते, शेवटची कच्ची येते.

टेबल निवडताना किचनचा दरवाजा, बेसिन आणि एसीचा थेट झोत टाळा. झोताखाली सुकं मटण पाच मिनिटांत थिजतं, वर पांढरी चरबी दिसायला लागते. टीव्हीसमोरचं टेबल मॅच बघायची असेल तरच घ्या, नाहीतर शेजारच्या टेबलाचं ओरडणं सहन करावं लागेल.

वेटरला आत जाताच विचारायचं: लास्ट ऑर्डर किती वाजता? बारची वेगळी, किचनची वेगळी विचारा. तंदूर सगळ्यात आधी बंद होतो. कोळसा पडत आला की नवा टाकत नाहीत. म्हणून रोटी किंवा भाकरी शेवटचा पेग भरतानाच सांगून ठेवा, पेग संपल्यावर नव्हे.

मापात_पाप | 12:42

कॅप्टनसाहेबांनी दारू नंतरवर ढकलली, मी मापावर येतो.

पेगचं माप शंकूच्या आकाराचं असेल तर डोळे उघडे ठेवा. शंकूत सगळा माल वरच्या भागात असतो. काठापर्यंत न भरता उंचीच्या नऊ दशांशावर थांबलं तर 60 मिलीचे साधारण 44 मिली होतात. बोटाच्या पेराएवढंही अंतर नसतं आणि चौथाई पेग गायब. सरळ नळकांडीसारख्या मापात तेवढंच अंतर सोडलं तर दहावा हिस्साच जातो. शिवाय मापावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असायला हवा. तो बघायला मागितला तर कुणी नाही म्हणू शकत नाही. मागायचं मात्र हसून, भांडून नव्हे.

त्यापेक्षा सोपं म्हणजे सीलबंद नीप. 180 मिलीची क्वार्टर किंवा 90 ची बाटली टेबलावर आणायला सांगा आणि सील तुमच्या समोर फोडून घ्या. क्वार्टरमध्ये तीन लार्ज (60 मिलीचे पेग) बसतात, नाइंटीमध्ये दीड. ही गणितं पाठ असली की वेटरही इज्जत देतोय.

पेठेतला_पंच | 12:58

क्वार्टर मागवली की ती संपवायलाच लागते, हा तोटा कोण सांगणार? लूज पेगात माणूस थांबू शकतो. बाटली समोर असली की 'एवढीशी राहिलीय, टाक की' होतंच.

मापात_पाप | 1:05

@पेठेतला_पंच, बरोबर. म्हणून क्वार्टर एकट्यानं नको, दोघांत घ्या. माणशी नाइंटी होते आणि बाटली रिकामी होऊन टेबलावरून जाते. दराचा हिशेबही करून बघा. मेनूवर 30 मिलीचा दर असेल त्याला सहानं गुणा आणि क्वार्टरच्या दराशी ताडून बघा. बहुतेक ठिकाणी क्वार्टर स्वस्त पडते. जिथं पडत नाही तिथं लूज घ्यायला हरकत नाही, फक्त पेग टेबलाजवळ मोजून घ्या.

पांढरा_वाटीभर | 1:30

कोल्हापुरात बसून पहिल्या घासाला मसाला पापड मागवणाऱ्यांना आधी दंड करा.

पहिला पेग येण्याआधी माणशी एक वाटी पांढरा रस्सा. बऱ्याच परमिट रूममध्ये तो जेवणाबरोबरच असतो, पण सुटा मागितला तर देतात. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस वाटून घातलेली असते. वर चरबीचा पातळ थर तरंगत असतो, वाटी हलवली की त्याचे गोल गोल डोळे होतात. तो गरम आला पाहिजे. गार झाला तर फुटल्यासारखा दिसतो आणि तोंडाला चिकटतो. चरबी आणि प्रथिनं पोटात असली की पोट हळू रिकामं होतं आणि दारू रक्तात सावकाश जाते. आपल्या आधीच्या पिढ्यांना हे पुस्तक न वाचता माहीत होतं.

तांबडा मात्र दारूबरोबर नको, जेवणाबरोबर घ्या. तिखट आणि दारू दोन्ही मिळून पोटात आग लावतात, रात्री दोनला छातीत जळजळ होऊन उठाल. खर्ड्याचंही तसंच. पुण्याच्या पाहुण्यांना मर्दुमकी दाखवायला खर्डा चाटवू नका, निदान दुसऱ्या पेगपर्यंत तरी.

दारूबरोबर काय, तर सुकं मटण, खिमा, उकडलेली अंडी, कलेजी. वजडी (बोकडाची आतडी-पोट), रक्ती (शिजवलेलं रक्त) ताजी असेल तरच, आणि ती साडेआठच्या आत. रात्री उशिरा मिळणारी वजडी दुपारची असण्याची शक्यता जास्त.

चकणा_समिती | 1:41

म्हणजे शेंगदाण्याला जागाच नाही? हा अन्याय आहे. आमच्या समितीचा निषेध नोंदवा.

पांढरा_वाटीभर | 1:46

शेंगदाणे खा की, पण खारे नको. खारे दाणे, शेव, चिवडा फुकट का देतात याचा विचार करा. मीठ लागलं की तहान लागते, तहान लागली की ग्लास उचलला जातो. उकडलेले किंवा कांदा-टोमॅटो घातलेले घ्या आणि शेजारी पाण्याचा जग ठेवा.

डॉक्टर_बिनफी | 3:15

सगळे ग्लास मोजतायत, मी ग्रॅम मोजतो. तेवढं लक्षात ठेवलं तर बाकी अर्धे प्रश्न सुटतात.

आपल्याकडं व्हिस्की, रम, व्होडका यांच्या बाटलीवर बहुतेक 42.8 टक्के छापलेलं असतं. एका लार्जमध्ये म्हणजे 60 मिलीत शुद्ध अल्कोहोल साधारण 25.7 मिली, वजनात 20 ग्रॅम. माणसाचं यकृत तासाला सात-आठ ग्रॅम निकालात काढतं, त्याहून जास्त नाही. म्हणजे एक लार्ज पूर्ण उतरायला अडीच ते तीन तास. चार लार्ज म्हणजे 80 ग्रॅम. आठला सुरुवात केली तर हिशेब सकाळी सहा-सातपर्यंत चालतो. रविवारी सकाळी गाडी काढणाऱ्यांनी हे वाचून घ्यावं.

कॉफी, लिंबू सरबत, गार पाण्याची अंघोळ, ओकारी यांनी हा वेग वाढत नाही. झोपलेला माणूस कॉफीनं जागा होतो, शुद्धीवर येत नाही. एनर्जी ड्रिंकमध्ये व्होडका घालणाऱ्यांची गोम हीच. चढलंय हे कळतच नाही, म्हणून आणखी घेतली जाते.

पाण्याचा नियम सोपा: दर पेगमागं तेवढाच एक ग्लास साधं पाणी, पेगच्या आत नाही, पेगच्या बाहेर. सोडा किंवा कोल्ड्रिंकमुळं दारू काहींना लवकर चढते, कारण गॅसनं पोटातला माल पुढं लवकर ढकलला जातो. साध्या पाण्यातली सावकाश चढते. 60 मिलीला 120 ते 180 मिली पाणी ठीक.

आणि ज्यांची औषधं चालू आहेत त्यांच्यासाठी: मेट्रोनिडाझोल (संसर्गावरची गोळी) चालू असताना थेंबही नको. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी पोटी अजिबात नाही, साखर एकदम खाली जाते आणि बघणाऱ्याला वाटतं चढली. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्यांबरोबरही नको. डोकं दुखेल म्हणून आधीच पॅरासिटामॉल घेऊन ठेवायची पद्धत सोडा, यकृतावर दुहेरी भार पडतो.

चकणा_समिती | 3:22

चकण्याच्या ताटात एमबीबीएस आणून ठेवलं. तरी वाचलं सगळं, डॉक्टर.

चिल्ड_हाय_का | 4:05

डॉक्टर, बिअरचं पण सांगा. मी बिअरवाला, मला लार्ज-स्मॉल कळत नाही.

डॉक्टर_बिनफी | 4:20

650 मिलीची 5 टक्क्यांची माइल्ड बाटली म्हणजे साधारण 26 ग्रॅम, एका लार्जपेक्षा थोडी जास्त. तीच स्ट्राँग 8 टक्क्यांची असेल तर 41 ग्रॅम, म्हणजे पूर्ण दोन लार्ज. 'आज फक्त दोन बिअर' म्हणणारा स्ट्राँगवाला चार लार्ज पिऊन उठतो आणि म्हणतो, मी दारू पीत नाही.

फेस_कमी | 5:10

बिअरवर थोडं जास्त लिहितो, कारण तिच्यात सगळ्यात जास्त फसवणूक आपण स्वतःच करून घेतो.

बाटली आली की आधी तारीख. उत्पादनाची तारीख लेबलवर नाहीतर टोपणाजवळ असते. बाटलीतली लागर (आपली नेहमीची बिअर) साधारण सहा महिने धरतात, पण तीन महिन्यांच्या आतली चव वेगळीच. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली दुकानाबाहेर उन्हात राहिली असेल तर उग्र वास येतो. प्रकाशामुळं हॉप्समधले (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले) घटक तुटतात म्हणून. तपकिरी काच त्या मानानं सुरक्षित.

ग्लास ओला करून तिरका धरा, सुरुवातीला धार कडेवर, शेवटी सरळ करून मधे. दोन बोटं फेस यावा. फेस येतच नसेल आणि ग्लासच्या कडेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही, साबण किंवा तेलाचा थर आहे. बिअर परत करू नका, ग्लास बदलून मागा.

गारवा चार ते सहा अंशांचा असावा. बर्फ घालू नका, पाणी होतं. एप्रिल-मे मध्ये उघडलेली बाटली पंधरा-वीस मिनिटांत कोमट होते. त्यामुळं पाच जणांत एका वेळी एकच बाटली उघडा, ती संपली की पुढची फ्रीजमधून. टेबलावर चार बाटल्या उघडून फोटो काढणाऱ्यांच्या शेवटच्या दोन नेहमी गरमच असतात.

पेठेतला_पंच | 5:25

बर्फाचं निघालंय म्हणून. 2018 पासून राज्यात अखाद्य बर्फात निळसर रंग घालायचा नियम आहे. ग्लासात निळी झाक दिसली की तो बर्फ मासळी गार ठेवायचा, पोटात घालायचा नाही. लादी फोडून आणलेला बर्फ असेल तर सरळ बर्फाशिवाय प्या, गार पाणी मागा. आणि खडे मोठे असतील तर हळू विरघळतात, पेग पातळ होत नाही.

कळंब्याची_कन्या | 6:40

इथं सगळे 'दादा' गृहीत धरून बोलतायत. मैत्रिणींचा ग्रुप असेल तर दोन गोष्टी. एक, तेवढंच वजन असलं तरी बाईच्या शरीरात पाणी कमी असतं, त्यामुळं तेवढाच पेग जास्त चढतो. पुरुषांच्या राउंडशी राउंड जुळवू नका, त्यांच्या एकाला अर्धा ठेवा. दोन, बसायला फॅमिली सेक्शन विचारून घ्या, पण तिथून बाहेर पडायचा आणि वॉशरूमचा रस्ता कुठून जातो तेही बघून घ्या. काही ठिकाणी फॅमिली सेक्शन वर असतो आणि जायची वाट पूर्ण जनरल हॉलमधून. आरक्षण करताना फोनवरच विचारायचं. आणि ग्लास सोडून उठलात तर परत आल्यावर तो तसाच उचलू नका, नवा मागवा.

कॅप्टन_सात_नंबर | 6:52

ताईंचा शेवटचा मुद्दा दादांनाही लागू. आणि ओळखपत्र खिशात असू दे. बिअर-वाइनला 21 पूर्ण, बाकी दारूला 25 पूर्ण लागतात. चेहऱ्यावर वय दिसत नसेल तर विचारणारच, आणि विचारलं तर वेटरवर चिडू नका. परवाना त्याच्या मालकाचा जाणार असतो. पिण्याचा परवानाही वेगळा असतो: एक दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभर, कायमचा हजार. नेहमी बसणाऱ्यानं हजाराचा एकदाच काढून टाकावा.

गगनबावडा_मार्गे | 7:15

एवढं गणित कशाला? गोव्याहून येताना दोन बाटल्या आणल्या की पाच जणांचं भागतंय. अर्ध्या पैशात.

पेठेतला_पंच | 7:21

आण की, आणि गाडीही तिथंच सोडून ये.

जीएसटी_दादा | 7:48

@गगनबावडा_मार्गे, बाटलीवर 'फॉर सेल इन गोवा ओन्ली' असं छापलेलं असतं ते शोभेला नाही. महाराष्ट्रात आणली की गुन्हा, माल जप्त, गाडीही जप्त. आंबोली असो, राधानगरी असो, राज्य उत्पादन शुल्कची गस्त असते. आणि तीच बाटली परमिट रूममध्ये नेता येत नाही. परमिट रूमवाल्याला स्वतःच्याच साठ्यातली दारू द्यायचा परवाना असतो. रंकाळ्याच्या कठड्यावर बसायचं तर सार्वजनिक ठिकाणी पिण्याचा वेगळा गुन्हा. स्वस्तात पडायचं राहिलं बाजूला.

आता बिल. मूळ प्रश्न तोच होता.

दारूवर जीएसटी नाही, कारण माणसाच्या पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो, परमिट रूममध्ये 1 नोव्हेंबर 2023 पासून 5 चा 10 टक्के झाला. मेनूवरचा दर व्हॅट धरून आहे की वेगळा, हे ऑर्डर देण्याआधी विचारा. खाणं, सोडा, पाणी यावर 5 टक्के जीएसटी, त्यात सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच. बड्या तारांकित हॉटेलात हा 18 असू शकतो, तुमच्या पट्ट्यातल्या परमिट रूममध्ये 5 च.

म्हणून बिल बहुतेक दोन भागांत येतं, बारचं वेगळं आणि किचनचं वेगळं. एकाच बेरजेवर सरसकट जीएसटी लावला असेल तर दारूची रक्कम वजा करून पुन्हा करायला सांगा. पाच जणांच्या बिलात दारू तीन हजारांची असेल तर त्यावरचा 5 टक्के म्हणजे 150 रुपये उगाच जातात.

'सेवा शुल्क' किंवा सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या. काढायला सांगा, शांतपणे.

बाटलीबंद पाण्यावर मात्र वाद घालू नका. हॉटेलात बसून घेतलं तर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये सांगितलंय. वाद घालण्यापेक्षा साधं पाणी मागा.

आणखी एक: क्वार्टर किती आल्या, सोडे किती आले, याची खूण मोबाइलमध्ये टाकत जा. सगळ्यात जास्त चूक सोड्याच्या संख्येत होते, कारण रिकाम्या बाटल्या वेटर उचलून नेतो आणि नंतर कुणालाच आठवत नाही.

फुल्ल_चार्ज | 8:02

पुण्याचे दोघं आले की सोड्याची नोंद त्यांच्याकडं द्या. चूक होणार नाही.

न_घेणारा_सखाराम | 8:30

पाचातल्या त्या एकाच्या वतीनं बोलतो. काँट्री काढताना दारूचं बिल चौघांत, किचनचं पाचांत. दोन वेगळी बिलं येतात म्हणताय तर अवघड काय आहे? बसायच्या आधी एकदा बोला आणि विषय संपवा. न घेणाऱ्याला गाडी चालवायची म्हणून रात्रभर शेंगदाण्यावर ठेवायचं आणि शेवटी सगळ्यांएवढे पैसे काढायचे, हा कुठला न्याय? आणि त्याच्यासाठी फक्त कोल्ड्रिंक नको, ताजं लिंबू-सोडा मीठ-साखर घालून सांगा. बहुतेक ठिकाणी मिळतो.

चकणा_समिती | 8:33

सखाराम, तुझी सुकं मटणाची प्लेट मात्र पाचांत मोजायची ना? सगळ्यात जास्त चकणा न घेणाराच खातोय, हे समितीच्या दप्तरी नोंद आहे.

न_घेणारा_सखाराम | 8:36

तोंड रिकामं असतं, मग काय करू.

डॉक्टर_बिनफी | 9:00

गाडीचा विषय निघालाय तर आकडा सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणं मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला एक लार्ज त्या मर्यादेच्या वर न्यायला पुरतो. 'दोन पेगनं काय होतंय' हे डोक्यातून काढा. पहिल्या वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कुणाला जास्त झालीच तर पाठीवर झोपवू नका, कुशीवर झोपवा, डोकं जरा मागं, तोंड जमिनीकडं, जवळ माणूस बसलेला. हाक मारून, चिमटा काढून उठत नसेल, श्वास खूप संथ असेल, अंग गार पडलं असेल तर 108 ला फोन किंवा सरळ सीपीआर रुग्णालय (छत्रपती प्रमिलाराजे) गाठा. 'झोपू दे, उतरेल' म्हणत बसू नका. पोटातली दारू झोपेतही रक्तात जात असते.

पेठेतला_पंच | 9:12

रिक्षाचं: बारच्या दारात उभ्या असलेल्याला दर विचारला तर तो तुमचं तोंड बघून सांगतो. जाताना ज्यानं सोडलं त्यालाच परतीची वेळ आणि रक्कम ठरवून नंबर घ्या. स्टँड आणि रेल्वे स्टेशनजवळ रात्री उशिरापर्यंत रिक्षा असतात, स्टेशन रोडच्या पट्ट्यात बसण्याचा तो एक फायदा. ताराबाई पार्कात बसलात तर मात्र आधीच ठरवलेली बरी.

कॅप्टन_सात_नंबर | 9:40

टिपबद्दल कुणी लिहिलं नाही. शेवटी द्यायची ती द्या, पण रोख आणि ज्यानं वाढलं त्याच्या हातात. बिलाच्या फोल्डरमध्ये किंवा कार्डवर टाकली तर ती त्याच्यापर्यंत कधी, किती पोचेल हे मालकावर. सुरुवातीलाच शंभराची नोट देणारे असतात. शनिवारी याचा उपयोग होतो, हे मान्य. पण त्याहून जास्त उपयोग होतो तो ऑर्डर एकदाच, सगळ्यांची मिळून, स्पष्ट सांगण्याचा. पाच जणांनी पाच वेळा हाक मारली की वेटर तुमच्या टेबलाकडं बघायचंच बंद करतो.

शनवारचा_गडी | 10:15

मंडळी, लई भारी. आता पाच जणांचं कुणीतरी मांडून द्या. दोन व्हिस्कीवाले, एक रमवाला, एक बिअरवाला, एक सखाराम.

कॅप्टन_सात_नंबर | 10:50

घे लिहून.

7:30 ला टेबल. लगेच पाच वाट्या पांढरा रस्सा, एक सुकं मटण, एक तंदूरचं चिकन हाफ, एक हिरवी सॅलड, दोन जग साधं पाणी. सखारामाला लिंबू-सोडा.

रस्सा संपत आला की, म्हणजे पावणेआठ-आठच्या सुमारास, व्हिस्कीची एक क्वार्टर दोघांत, रमची एक नाइंटी, बिअरची एक माइल्ड 650. तिघांना दीड-दीड लार्ज येते. पहिला 45 चा भरा, साध्या पाण्यात, आणि तो पाऊण तास पुरवा.

8:45 ला दुसरी खाण्याची फेरी: अंडी उकडून किंवा खिमा, मसाला पापड आता. दुसरा 45 चा. बिअरवाल्याला 330 ची एक पिंट, तीही माइल्ड.

9:45 ला जेवणाची ऑर्डर: भाकरी किंवा रोटी, तांबडा, भात. 10:15 ला जेवण, 10:50 ला बिल. कुणाला आणखी हवीच असेल तर एक तीसचा लूज, जेवणाच्या आधी. जेवणानंतर काही नाही.

डॉक्टर_बिनफी | 11:02

तपासलं. तिघांना माणशी तीस ग्रॅम, बिअरवाल्याला 39. बिअरवाला सगळ्यांत पुढं राहील, त्याच्या पिंटवर लक्ष ठेवा.

चिल्ड_हाय_का | 11:05

म्हणजे बदनाम आम्ही आणि पुढंपण आम्हीच.

जीएसटी_दादा | 11:10

बजेटमध्ये बसवायचं असेल तर ब्रँड मधल्या दराचा धरा आणि सोडा टाळा, कॅप्टननी पाणीच लिहिलंय ते बरं. सहा हजारांतले पाचशे टिप आणि रिक्षाला बाजूला काढा, कर धरून साडेपाच हजारांत बसेल अशी ऑर्डर द्या.

शनवारचा_गडी | मंगळवार, सकाळी 9:30

सगळं छापून ठेवलं. एक अडचण आली. पुण्यातला एकजण आत्ता म्हणतोय, शनिवार धरलाय, मटण-चिकन चालणार नाही.

चकणा_समिती | 9:33

आणि दारू?

शनवारचा_गडी | 9:34

ती चालते म्हणं.

पांढरा_वाटीभर | 9:41

मग शुक्रवार करा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आपल्याकडं मटणाचे वार, माल ताजा पडतो आणि शनिवारपेक्षा गर्दीही कमी. फक्त फोन करून सातलाच विचारा, सुकं शिल्लक आहे का. शुक्रवारी ते लवकर संपतंय.

शनवारचा_गडी | 10:02

शुक्रवार फिक्स. टेबल सांगून ठेवलं, एसीच्या झोताखालचं नाही.